सात तोंडांची खानावळ

मित्रांनो, बैठकीच्या खोलीतल्या कपाटात, वायरींच्या गराड्यात बसलेली ही चपटी काळी पट्टी म्हणजे मी, एका संगणकाला अनेक यंत्रे जोडून देणारा एक जुना यूएसबी हब. माझा जन्म कारखान्यातला. पुठ्ठ्याच्या खोक्यातून या घरात आलो, तेव्हा मला उचलून घेतले ते बाबांनी. आयुष्यभर टेलिफोनच्या तारा जोडून ते निवृत्त झाले होते.

पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक घेऊन त्यांनी त्याच्यावर सगळ्या घराचा कारभार सोपवला होता. आईंना ऐकू कमी येई. कोणी दारावरची बेल दाबली, की आई असतील त्या खोलीतला दिवा लुकलुकावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. बेलचा निरोप घेणारी रेडिओची कांडी, दारावरचा कॅमेरा, फोटोंची डिस्क, सगळी मंडळी त्या चिमुकल्याला लटकलेली. त्याची वीज पुरेना. डिस्क फिरू लागली की कांडी झोपी जाई. म्हणून मला आणले. मला माझा स्वतःचा अडॅप्टर होता, भिंतीतून वेगळी वीज घेणारा. मी सगळ्यांना पोटभर वाढू लागलो. माझी सात तोंडे पाहून आईंनी माझे नाव ठेवले, खानावळ. "तुमची खानावळ जेवली असेल तर तुम्हीही या आता जेवायला," असे त्या बाबांना म्हणत.

काय मजेचे दिवस होते ते! बाबा मुद्दाम बाहेर जाऊन स्वतःच्याच घराची बेल दाबत. आई दार उघडून गंभीर चेहऱ्याने, कोण हवे आहे, असे विचारत. घरमालकीण बाई आहेत का, असे बाबा तितक्याच गंभीरपणे विचारत.

मग बाबा गेले.

त्यांची लेक आली आणि आवराआवरीला लागली. कपाट पुसताना माझा अडॅप्टर तिला जास्तीचा वाटला. तिने तो काढून पाहिला, तर माझा हिरवा दिवा तसाच लागलेला. तिने वायर नीट गुंडाळून खोक्यात ठेवली. मित्रांनो, तो उजेड माझा नव्हता. मी त्या चिमुकल्याच्याच ताटात हात घालून बसलो होतो.

त्यानंतर खोलीतला दिवा कधी लुकलुके, कधी नाही. एकदा दादा, म्हणजे लेकीचा भाऊ, बेल दाबून दाबून थकला. आई आत निवांत वाचत होत्या. शेजारून किल्ली आणून तो धावतच आत शिरला. त्याने ठरवूनच टाकले, रविवारी आईला आपल्याकडे न्यायचे.

"तुझ्या घरी मी पाहुणी असेन रे," एवढेच आई म्हणाल्या.

त्याने बॅग भरली. लेकीने त्याच्याकडून शनिवार तेवढा मागून घेतला. ती कपाटापुढे बसून एकेक वायर काढू लागली. डिस्क काढली, बेल दाबली, दिवा लुकलुकला. डिस्क लावली, दिवा गप्प. पुन्हा काढली, पुन्हा लुकलुकला. मग ती उठली आणि खोके उपडे करून माझा अडॅप्टर घेऊन आली.

"आई, हा मीच काढून ठेवला होता गं."

"बरं झालं तू काढलास. तुझ्या बाबांनी काढला असता तर आठवडाभर मलाच विचारलं असतं, तू हात लावलास का म्हणून."

दोघी हसता हसता डोळे पुसू लागल्या. आणि मी? मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

रविवारी दादाने सगळी यंत्रे चालू ठेवून बेल दाबली. आईंनी दार उघडले. त्याचा विश्वास बसेना. तो पुन्हा बाहेर गेला, पुन्हा दाबली. असे बऱ्याच वेळा झाल्यावर आई दारातच उभ्या राहिल्या.

"आत यायचंय की नुसती बेलच दाबायचीय? आलास की ती बॅग आधी रिकामी कर. कपडे चुरगळतात माझे."

दादाने निमूटपणे बॅग रिकामी केली.

तेव्हा मित्रांनो, कपाट जरूर पुसा, धुळीने माझाही जीव गुदमरतो. पण कोणतीही वायर काढण्याआधी तिच्यावरून शेवटापर्यंत बोट फिरवा आणि तिच्या जिवावर कोण कोण जेवते आहे ते पाहा. ते ठाऊक असलेले माणूस घरात असेल, तर त्याच्याजवळ बसून आजच विचारून घ्या. एवढे कराल ना? बरे, आता मला काम आहे. दाराशी कोणीतरी आले आहे, आणि आई निघाल्यासुद्धा.