अकरावं कवाड

वीज गेली आणि गिरणीचा पट्टा दोनदा फडफडून गप झाला. लालासाहेबानं अंगावरचं पीठ झटकलं, मागच्या कोनाड्यातून पुस्तक काढलं आणि पालथ्या घातलेल्या डब्यावर बैठक मारली. दळणाला आलेल्या बायकांनी आपापले डबे भिंतीकडे सरकवले. कुंडलमध्ये वीज जाणं नवं नव्हतं, आणि वीज गेली की लालासाहेबाच्या गिरणीत कादंबरी सुरू होते हेही नवं नव्हतं. मुद्दाम वीज जायच्या सुमाराला दळण आणणाऱ्या बायकाही गावात होत्या, पण तसं कुणी कबूल करत नसे.

कादंबरीचं नाव ‘अकरा कवाडांचं राज्य’. तिचे भागावर भाग निघत होते आणि लालासाहेब ते कराडच्या एका वाचनालयातून आणत होता. पस्तिशी उलटलेला, झुपकेदार मिशा राखलेला माणूस राजपुत्र आणि चेटकिणींच्या गोष्टी वाचतो म्हणून शाळेतले मास्तर हसायचे. लालासाहेबाला त्याचं काही वाटत नसे. जादूच्या कादंबऱ्यांबद्दल त्याची मतं पक्की होती आणि ती न विचारताही मिळत. भस्म फुंकलं की डोंगर फुटला, असं कुठं आलं की तो तिथंच पुस्तक मिटायचा.

"ही फुकटची जादू हाय," तो म्हणायचा. "फुकटात डोंगर फुटाय लागला तर त्या राजपुत्राचं कवतिक काय?"

‘अकरा कवाडां’तली जादू त्याला मान्य होती, कारण तिला कायदा होता. जो मंत्र म्हणेल त्यानंच त्याचं मोल द्यायचं. एका मंत्रानं माणसाचा आवाज जायचा, दुसऱ्यानं त्याला स्वतःच्या आईचा चेहरा आठवेनासा व्हायचा. लिहिणाऱ्यानं इतक्या भागांत कुणाला सूट दिली नव्हती. आणि अकराव्या कवाडाचं तर पहिल्याच भागात सांगून ठेवलं होतं की ते मरणाचं कवाड, आत गेलेला बाहेर येत नाही.

आज शेवटचा भाग संपायचा होता. वजनकाट्याशेजारी मनुबाई बसली होती. ती लालासाहेबाच्या भावकीतली, नवरा कधीच गेलेला. तिचा एकुलता एक मुलगा जोती एकाहत्तरच्या लढाईवर गेला आणि घरी तार आली ती ‘बेपत्ता’ म्हणून. मेला असं कुणी सांगितलं नाही आणि जिवंत असल्याचं काही कळलं नाही. त्याला आता पाचवं वर्ष लागलं होतं. जोतीची बायको राही लालासाहेबाच्या मागं खांबाला टेकून उभी होती. ती औंधची, सातवी शिकलेली. बसायला जागा असली तरी ती तिथंच उभी राहायची.

लालासाहेब वाचू लागला. राजपुत्र मेघकेतन अकराव्या कवाडापाशी आला. आपल्या राज्यावरची काळी सावली आत नेऊन कोंडायची तर आपल्यालाच आत जावं लागणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मागं वळून वाड्याच्या खिडकीतला दिवा पाहिला. मग त्यानं मंत्र म्हटला आणि आत पाऊल टाकलं. कवाड मिटलं.

इथं लालासाहेब थांबला.

हा भाग त्यानं आदल्या दिवशी दुपारीच एकट्यानं वाचून काढला होता आणि तेव्हापासून त्याचं डोकं फिरलेलं होतं. पुढच्याच प्रकरणात चेटकीण कुठूनशी अमृताची कुपी काढते आणि राजपुत्र हसत हसत कवाडाबाहेर येतो. कुपी! आधीच्या एकाही भागात तिचं नावनिशाण नव्हतं. सख्ख्या भावानं बांध कोरावा तसा लालासाहेबाला राग आला होता. बायकांपुढं ही फसवणूक वाचायची नाही असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आता त्यानं नजर पानावरच ठेवली आणि ओठांवर आलं ते तो वाचल्यासारखं बोलू लागला. राजपुत्राची आई, म्हातारी राणी, खिडकीत बसून राहिली. दिव्यातलं तेल संपलं. उजाडलं तेव्हा राज्यावरची सावली गेली होती आणि लोक पेरणीला निघाले होते. राणीनं खिडकी लावून घेतली.

"संपलं," म्हणून त्यानं पुस्तक मिटलं.

उठू लागलेली एक बाई पुन्हा खाली बसली. मग मनुबाईनं विचारलं,

"आणि त्यो?"

"त्यो गेला, काकी."

"परत न्हाई आला?"

"कसा येईल? अकराव्या कवाडातनं कुणी परत येत न्हाई, पयल्या भागातच लिवलंय की. आता मेलेलं माणूस परत आणलं तर वाचणाऱ्यानं भरवसा कशावर ठेवायचा?"

हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं. मनुबाईनं मान हलवली आणि ती पदराच्या काठाशी चाळा करत बसली. तेवढ्यात वीज आली आणि लालासाहेबानं पुस्तक बाकावर टाकून गिरणी चालू केली.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं कोंडीबा शिंप्याला सगळी हकिगत रंगवून सांगितली. लेखकाची चूक आपण कशी दुरुस्त केली, आपला शेवट छापलेल्या शेवटापेक्षा कसा सरस होता, बायका कशा चिडीचूप झाल्या.

"लय बेनं हाईस गड्या तू," कोंडीबा हसत म्हणाला. "राजाच्या पोराला मारून आलास की!"

"मी न्हाई मारला. कायद्यानं मेला," लालासाहेब म्हणाला आणि त्यानं आणखी एक चहा सांगितला.

पुढच्या आठवड्यात मनुबाई एकटीच गिरणीत आली. हातात डबा नव्हता. पदराखालून तिनं ओंजळभर दाण्यांचं गाठोडं काढलं.

"लाला, एवढं दळून दे. पण आदी दगड चांगला पुसून घे. ज्वारीचा कण ऱ्हाता कामा न्हाई त्यात."

लालासाहेबानं गाठ सोडून पाहिलं. जव होते. गिरणीत जव येत नसत.

"एवढंसं कशाला लागतंय, काकी?"

"जोतीचं करायचंय."

त्याला कळलं नाही. तिनं काट्याचा आधार घेऊन समजावून सांगितलं.

"भटजींला इचारलं. अंग सापडलं न्हाई तर दर्भाचा पुतळा करायचा, त्याला जवाचं पीठ लावायचं. त्यालाच जोती म्हणायचं. मग समदं रीतीनं करायचं, कराडला संगमावर."

"आवं, पर एकाएकी कसं ठरवलं?"

"एकाएकी कुठलं? देवीला दोनदा कौल लावला मी. पाकळी उजवीबी पडंना न् डावीबी पडंना. मग मनात म्हणलं, लालाची पोथी चाललीया. ते बी आईचं पोर, ते बी लढाईला गेलंय. ते माघारी आलं तर माजं येईल. न्हाई आलं तर समजायचं." ती थांबली. "त्या दिशी तू वाचलंस. कौल मिळाला मला."

लालासाहेबानं तोंड उघडलं. एक वाक्य पुरेसं होतं. पण दारात चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या, आणि त्या वाक्यात, पुस्तकात नव्हतं ते मी माझ्या मनचं सांगितलं, असं म्हणावं लागणार होतं. तो वाकून दगड पुसू लागला. पुसून झालेला दगड त्यानं पुन्हा पुसला, मग खटका ओढला आणि गिरणीच्या आवाजात बोलायचं राहून गेलं.

जव पटकन दळून झाले. मनुबाईनं पीठ पांढऱ्या फडक्यात बांधलं, फडकं छातीशी धरलं आणि ती बायकांतून वाट काढत गेली. लालासाहेब तिच्याकडं बघू शकला नाही. टपरीवरचं आपलं हसणं त्याला आठवलं आणि स्वतःची अशी काही किळस आली की पुढच्या बाईचं दळण त्यानं भलत्याच डब्यात ओतलं.

दुपारी त्यानं पुस्तक शोधलं. नुसतं तोंडानं सांगण्यापेक्षा काकीला पान दाखवावं, हे बघा, इथं छापलंय, असं त्याच्या मनात होतं. पुस्तक कोनाड्यात नव्हतं आणि बाकाखालीही नव्हतं. दिवस मावळायच्या आत तो तसाच रिकाम्या हातानं मनुबाईच्या घरी गेला.

राही सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. त्याला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काकी हाईत का, वहिनी?"

"म्हशीकडं गेल्यात. येतील. बसा."

तो बसला नाही. "त्यास्नी एक सांगायचं हुतं. त्या पुस्तकाचं."

राही उठली, आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. त्याच्या पानांच्या सांदीत गिरणीतलं पीठ तसंच होतं.

"बाकावर ऱ्हायलं हुतं, मी आणलं," ती म्हणाली. "तुमी मिटलं तवा पानं लय उरली हुती, भावजी. मी मागंच हुते."

"वाचलं?"

"समदं. ती कुपी, ते अमृत, समदं."

लालासाहेबानं टोपी काढून हातात घेतली. खाली बघत तो म्हणाला, "माज्या हातनं लय वाईट झालं. मी आत्ताच सांगतो काकीस्नी. पुस्तकात त्यो परत येतोय म्हणून सांगतो."

"सांगू नका."

त्यानं वर पाहिलं.

"तार आली तवापास्नं आत्ती दाराला कडी लावत न्हवत्या," राही म्हणाली. ती सावकाश, एकेक शब्द निवडल्यागत बोलत होती. "ह्ये रातचं आलं तर दार वाजवाय लागू न्हाई म्हणून. थंडी असू दे, पाऊस असू दे, दार नुसतं लोटल्यालं. पाचोळा वाजला तरी उठून बसायच्या. त्या उठल्या की मी बी उठायची. गिरणीतनं आलो त्या दिशी त्यांनी कडी लावली आणि झोपल्या. म्हस हंबराय लागली तवा जाग आली त्यास्नी. आता तुमी सांगाल, न् ती कडी परत निघंल."

"आणि तुमचं?"

राहीनं हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावरून वर सारल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"माजं मी बघीन."

"वहिनी, खरं सांगतो. मी ते तुमच्या भल्यासाठी न्हाई केलं. तुमी दोघी माज्या ध्यानात बी न्हवता."

"म्हाईत हाय मला. वाचताना तुमची मान बघितली की मी, लय ताठ हुती." तिच्या आवाजात राग नव्हता. एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला. "पर बोललासा ते बरोबर बोललासा. मेलेलं माणूस परत आणलं तर वाचणाऱ्यानं भरवसा कशावर ठेवायचा?"

लालासाहेबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. पण ती खरोखरच विचार करून, पटल्यासारखी ते वाक्य म्हणाली होती. तो टोपीची कड चुरगाळत उभा राहिला.

मागच्या दारानं मनुबाई आली. तिच्या हाताला वैरणीची कुसं चिकटली होती.

"लाला? बरं झालं आलास. तुलाच सांगावा धाडणार हुते मी." ती उंबऱ्यावर टेकली. "जोतीच्या पाठीवर भाऊ न्हाई. भटजी म्हणालं, भावकीतलं कुणीबी चालंल. पर मला वाटतंय तूच अग्नी द्यावास. ल्हानपणी तुज्याच मागं असायचा त्यो. जमंल का रं?"

लालासाहेबानं राहीकडं पाहिलं. ती मान खाली घालून तांदूळ निवडत होती. जो मंत्र म्हणेल त्यानंच मोल द्यायचं, हा कायदा त्यानं आजवर गावात किती जणांना समजावून सांगितला होता त्याला गणती नव्हती.

"जमंल, काकी," तो म्हणाला.

"डोकं भादरावं लागंल. ही मिशी बी जाईल तुजी."

"जाऊ दे."

"लोक इचारतील, ही कसली नवी तऱ्हा म्हणून."

"इचारू देत."

मनुबाईनं आपला खरखरीत हात त्याच्या गालावरून फिरवला. "लय उपकार झालं बग तुजं," ती म्हणाली. "पोथी वाचणारं बी तूच न् शेवटाला बी तूच."

त्याला तिचा हात बाजूला करावासा वाटला, पण तो हलला नाही. तिनं हात काढल्यावर त्यानं पुस्तक काखोटीला मारलं आणि पायऱ्या उतरला. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. रस्त्याला लागतो न लागतो तोच मागं दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ आतून कडी बसल्याचा.