नोंदीतली वीस मिनिटं

हेक्टरकाकांची साखर महिन्यात दुसऱ्यांदा आभाळाला भिडली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी तडक रेनेला फोन लावला.

"तुझा संगणक चुलीत घाल!"

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या या टोकाला सव्वीस वर्षं मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना सुया टोचतेय, जखमा बांधतेय. रेने कोमो हॅलिफॅक्सच्या विद्यापीठातली गणितवाली. कुठल्या नर्सनं कुठल्या घरी किती वाजता जायचं, ते आता तिचं गणित ठरवतं. खोटं कशाला बोलू, गाडीची धाव एक तृतीयांशानं घटली, आणि तेवढ्याच नर्सांत अकरा नवी म्हातारी माणसं सामावली. पण हेक्टरकाका? यादीत पावणेपाच, आणि मी पोचायची सव्वासहाला. म्हातारा पाचच्या ठोक्याला जेवणार म्हणजे जेवणारच, आणि इन्सुलिन त्याआधी हवं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आणखी एकदा दवाखान्यात आणावं लागलं तर घरी परत नाही, थेट शहरातला वृद्धाश्रम. त्याचा अर्जही काकांच्या हातात दिला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा कोळी! खिडकीतून समुद्र दिसला नाही तर महिनाभर टिकला नसता.

"एफीबाई, गणित तीनदा तपासलंय," रेने म्हणाली. "चुकत नाहीये."

"मग ये आणि बस माझ्या गाडीत!"

आली की हो. पहिलं घर फ्लोराबाईंचं. जखमेची पट्टी बदलून मी उठले, तोवर टेबलावर चहा आणि ओटची बिस्किटं हजर. आमच्याकडे चहा न घेता उंबरा ओलांडला, तर बाई वर्षभर तोंड फिरवेल. कप उचलताना फ्लोराबाईंचा हात थरथरला. मी सहज विचारत गेले, तर गोळ्या चार दिवसांपूर्वीच संपलेल्या निघाल्या. औषधांच्या दुकानातून त्या मागवल्या आणि निघालो. पुढच्या घरी पुन्हा चहा. त्याच्या पुढच्या घरी चहा आणि वर नातवाच्या लग्नाचे फोटो.

गाडीत मी नोंदवहीत त्या घरापुढे लिहिलं: वीस मिनिटं.

रेनेनं घड्याळ पाहिलं. "तेहतीस झाली."

"चहा काय कामात धरायचा? आम्ही सगळ्याजणी वीसच लिहितो. पहिल्यापासून."

तिनं वही ओढून मागची पानं चाळली. सगळीकडे वीस. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या संगणकाला ही वीस मिनिटं आम्हीच दिली होती. सात घरांची थाप साचून साचून शेवटच्या घरावर पडत होती, आणि ते घर हेक्टरकाकांचं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आता चहा बंद करायला सांगशील," मी म्हणाले.

"वेड लागलंय का? फ्लोराबाईंच्या गोळ्या संपल्यात हे पट्टी बांधताना कळलं होतं का? तीसुद्धा तपासणीच आहे, बाई. खरं लिहा, मी गणितात धरते."

आमचे साहेब तणतणले, "सरकार तुमच्या चहाचा पगार देणार का?" रेनेनं फ्लोराबाईंची गोष्ट सांगितली. तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. पंधरा दिवस आम्ही सगळ्या नर्सांनी खरे आकडे लिहिले. तिनं गणित नव्यानं मांडलं. माझ्या यादीतली दोन नवी माणसं शेजारच्या भागातल्या नर्सकडे गेली, आणि हेक्टरकाका शेवटून दुसऱ्या नंबरावर आले.

काल सव्वाचारला मी त्यांच्या दारात. गेले तीन आठवडे साखर जागच्या जागी आहे. सुई टोचली, वही काढली.

"बस गं पोरी. घाई आहे का?"

"नाही काका. आता बसणं कामातच धरलंय."

त्यांनी चुलीवरची किटली उचलून माझ्या कपात चहा ओतला.

"तो आश्रमाचा अर्ज कुठे ठेवलात?" मी विचारलं. "डॉक्टरांना परत द्यायचाय."

"तो?" म्हातारा हसला. "त्याच्यावरच तर चूल पेटवली."