बातारची परीक्षा

सार्जंट बातारने ‘थम’ म्हणायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा निघाली. तुकडी चालतच राहिली.

तुकडीत सगळे उस्ताद होते, म्हणजे कवायत शिकवणारे. मंगोलियाहून वर्ध्याजवळच्या या छावणीत उस्ताद व्हायला आलेल्यांच्या शेवटच्या परीक्षेत शिकवणाऱ्यांनीच त्यांच्या हुकमात चालायचं, ही इथली रीत. पास झाला तर बातार मायदेशी उस्ताद होणार; नाही तर पुन्हा पहाऱ्यावर. आणि वैशाखातल्या उन्हाने नेमका आजच त्याचा घसा बसला होता.

पुढच्या रांगेत नालवाडीचा हवालदार अश्वजित होता. त्याने हाक दिली तर माळावरची गुरं थबकावीत, असा आवाज. मैदान संपत आलं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण जवळ आलं. ‘थम’ अश्वजितच्या अगदी ओठांवर होतं. पण ते त्याने म्हटलं असतं तर तिथेच बातारचा निकाल लागला असता. त्याने ओठ आवळले आणि पाय टाकत राहिला.

बातार धावत पुढे आला. तुकडीकडे पाठ करून त्याने पावलाला पाऊल जुळवलं आणि कुंपणापाशी टाच अशी आपटली की धूळ उडाली.

सगळी पावलं एकदम थांबली. अश्वजितच्या अंगावर शहारा आला. थांबायचं त्याने ठरवलंच नव्हतं. पायांनी परस्पर ऐकलं होतं. आपल्या एवढ्या मोठ्या आवाजाने कधी कोणाला असं थांबवलं असेल का? समोरच्या घामाने भिजलेल्या पाठीपुढे त्याला फार लहान झाल्यासारखं वाटलं.

परीक्षक सुभेदार रूपराव मांडवातून उठून आले. वडनेरचा माणूस, नियमाचा पक्का.

“तोंडानं नाई त हुकूम नाई. नापास,” ते म्हणाले. मग उस्तादांकडे वळले. “चला रे, पाणी प्या.”

कोणी हललं नाही.

“अश्वजित, तुले सांगून राह्यलो.”

“साहेब, तुकडी त्याच्या हुकमात हाय,” अश्वजित समोर बघतच म्हणाला. “त्यानं सोडलं नाई आमाले.”

“मी सुभेदार हाय ना बे.”

“हाव, साहेब.”

पाय मात्र तिथेच. ऊन रणरणत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता, तो कोणी पुसला नाही. बातारला कवायतीचे हुकूम तेवढे येत, ही बोली कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळलं असावं.

रूपराव प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत रांगेच्या टोकापर्यंत गेले, परत आले. मग बातारसमोर उभे राहून स्वतः सावधान झाले.

“उस्ताद,” ते हळू आवाजात म्हणाले, “आता पोरायले सोडा.”