डाव्या हाताची परीक्षा

"नापास," बाबा म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट कळफलकावरून उचललं.

गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. या एका शब्दाने त्यांनी अर्ध्या गावाला रडवलं होतं. आता उजवा हात लुळा पडला असला तरी जीभ जागेवर होती. मुलीला असाच परीक्षक हवा होता. वेबसाइटवर बसवायचा एक कंपोनंट, म्हणजे एक सुटा भाग, ती बनवत होती: फांद्याफांद्यांनी मांडलेली यादी, माउसशिवाय चालणारी. उजवा बाण दाबला की फांदी उघडते, डावा दाबला की बंद होते. तिच्या स्वतःच्या चाचण्या सगळ्या पार पडल्या होत्या, पण बाबांच्या एका हाताने पास केल्याशिवाय तो ऑफिसात द्यायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

"आता काय झालं?"

"मी बंद केलेली फांदी आपोआप उघडते. तिकडे आत्याखाली एक नाव वाढवलं की इकडे ही उघडी."

ही म्हणजे दादाची. नमुना म्हणून तिने घरचीच माणसं भरली होती. सोयीचं पडतं, असं बाबांना सांगितलंही होतं. परीक्षेत बाबांनी पोटच्या पोरालाही सोडलं नव्हतं. दादा नापास झाला, ठरलेली ड्रायव्हरची नोकरी हातची गेली आणि तो घर सोडून गेला. तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नव्हतं. तिला त्याची फार आठवण यायची.

दोष तसाच ठेवावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. निदान दादा बाबांच्या डोळ्यांसमोर तरी राहील. पण लबाडीने पास होणं तिला जमणारं नव्हतं. ती पदर खोचून कामाला लागली. यादी नव्याने मांडली जाताना कुठली फांदी बंद होती हेच कंपोनंट विसरत होता. ते त्याच्या लक्षात राहील अशी सोय तिने संध्याकाळपर्यंत केली.

बाबांनी दादाची फांदी बंद केली. आत्याखाली नाव वाढवलं, खोडलं, पुन्हा वाढवलं. फांदी बंदच राहिली.

"पास ना?"

बाबांचं बोट उजव्या बाणावर गेलं. फांदी उघडली: दादा, वहिनी आणि त्यांच्याखाली नुसतंच 'मुलगी'.

"हिचं नाव घातलं नाहीस."

"मला तरी कुठे माहीत आहे, बाबा? मुलगी झाली एवढंच कानावर आलं."

बाबांनी बोट कळफलकावरून उचललं.

"मग विचार त्याला. अर्धवट काम मी पास करत नाही."