पश्चिमेची बाजू

मी ताडपत्री शिवते. दुकानांची छपरं, गाड्यांची झाकणं, गोदामांचे पडदे, सगळं. बावीस वर्षं झाली, म्हणून सावली कशी पडते ते मला कुणी शिकवू नये. माझा नवरा म्हणतो, तुझ्या नाकावरचा राग झाकायला पुरेल एवढी ताडपत्री अजून निघालेली नाही. म्हणू दे. काम चोख असतं माझं. असायचं.

मावशी माझ्या कुणी नात्याच्या नव्हत्या. निवृत्त नर्स, साठीच्या पुढच्या, सगळे त्यांना मावशीच म्हणत. फोनवर म्हणाल्या, "कुत्र्यासाठी छप्पर हवंय. ऊन लागू नये, पाऊस लागू नये. हा कुत्रा जगला पाहिजे, बाई. तो गेला तर आमचं घर गेलं समजा."

मी मनात म्हटलं, झालं, अजून एक. कुत्र्याला पोटच्या पोरासारखं वागवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. घराच्या मागे सिमेंटचं मोठं आवार, चारी बाजूंनी पुरुषभर भिंत. घराच्या भिंतीला लागून जाळीचा पिंजरा, आत विटांवर ठेवलेलं लाकडी खोकं, त्यावर पत्रा. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. आणि समोर, जाळीला नाक लावून, हवालदार बसलेला. कुत्र्याचं नावच ते. तपकिरी, थोराड, थोबाड पांढरं झालेलं. मी आत शिरले, त्याच्या अंगावरून टेप टाकला, शेपटीवर जवळजवळ पाय दिला, पण पठ्ठ्यानं मान वळवली नाही. पश्चिमेच्या भिंतीकडे टक लावून बसला होता.

"बहिरा आहे का?"

"नाही. कामात आहे," मावशी म्हणाल्या.

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मागच्या खोलीत त्यांची मोठी बहीण होती. पाच वर्षं अंथरुणाला खिळलेली, कुशीवर वळवायलासुद्धा मावशीच लागायच्या. तिची खिडकी आवारात उघडायची. तिनं आतून विचारलं, "कोण आलंय गं?" मावशींनी सांगितलं, छप्परवाली आलीये. "बरं झालं," ती म्हणाली. "त्याला उन्हात बघवत नाही."

माझी एक पद्धत आहे. माप घेण्याआधी मी दिवसभर सावल्या आखते. नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता. जमिनीवर मेणाच्या खडूनं, पावसातही न पुसणाऱ्या. कुठली वस्तू कुठे सावली टाकते हे कळलं, की छप्पर आपोआप सुचतं. त्या दिवशी मी पिंजऱ्याची सावली आखली, भिंतींची आखली, पाण्याच्या टाकीची आखली. पश्चिमेच्या भिंतीपाशी दाराच्या फळीएवढी एक लांबट सावली होती, तीही आखली. हात चालत होता, डोकं मापात होतं. कशाची सावली, असं विचारलंच नाही मी.

"तीन बाजू बंद, वर उतारावर ताडपत्री, पत्र्याच्या वर हातभर सोडून हिरवी जाळी, म्हणजे वारा खेळेल," मी सांगितलं. "आणि पश्चिमेला पडदा. दुपारचं ऊन तिकडूनच, पावसाची झड तिकडूनच."

"पश्चिम उघडी ठेवायची," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, मग छप्पर कशाला? छत्री उघडून पावसाकडे तोंड करून उभं राहण्यातला प्रकार!"

"तो तिथं बघतो."

"काय बघतो?"

"बघतो, एवढंच. घरात घेतला तर दार खरवडतो, नखांतून रक्त येईपर्यंत. त्याला बघू दे."

गिऱ्हाइकाशी वाद घालू नये म्हणतात. मी घातला, हरले, आणि तीन बाजूंचं छप्पर शिवून बसवून दिलं. काम देखणं झालं होतं. फक्त हवालदार त्या सावलीत बसेना. खोक्याआड थंडगार जागा सोडून तो पुढे जाळीला चिकटून बसायचा, तोंडावर ऊन घेत. दहा दिवसांनी अवकाळी पाऊस लागला, तेव्हा तोंडावर पाऊस घेत.

मावशींचा फोन आला. कुत्र्याला छातीचा कफ झाला होता. जनावरांच्या डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एकदा भिजला तर वाचणार नाही.

मी पडदा शिवूनच घेऊन गेले. पिंजऱ्यात हवालदार खोकत होता, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, पण नजर तिथेच. माझा जीव तुटला आणि जीव तुटला की माझं तोंड सुटतं. "मावशी, एक तर ही बाजू बंद होईल, नाहीतर तुम्हाला खड्डा खणायला माणूस बघावा लागेल. काय ते ठरवा!"

मावशी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा होईपर्यंतच. आठ दिवस."

मी पडदा ओवला. रिंगांतून दोरी आवळत गेले तसा हवालदार उभा राहिला. शेवटची फट बंद झाली आणि तो ओरडला. भुंकला नाही, ओरडला. माणूस जिन्यावरून पडताना ओरडतो तसा. मग एकदम गप्प झाला आणि खोक्यात जाऊन पडला. पिंजऱ्याला कडी घातली. मी म्हटलं, बघा, पडला की नाही शहाण्यासारखा! मोठ्या फुशारकीत घरी गेले.

चौथ्या दिवशी दोऱ्या ताणायला म्हणून गेले. भर बाराचं ऊन, आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ. मावशी म्हणाल्या कफ कमी आहे, दूध प्यायला. मला धन्य वाटलं. मी आवारातून पडद्याकडे निघाले आणि माझा पाय माझ्याच खडूच्या रेघेवर पडला. भिंतीपाशी आखलेली ती लांबट सावली, माझ्या हातचं 'बारा' लिहिलेली.

आत सावली नव्हती. नुसतं तापलेलं सिमेंट.

बाराची सावली बाराला तिथेच असते. पंधरा-वीस दिवसांत सूर्य काही गाव सोडून जात नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ती दिसली. तीच लांबी, तीच रुंदी, धारदार कडा. घराच्या दिशेनं अकरा हात पुढे. आवाराच्या मधोमध, जिथे ना भिंत, ना झाड, ना वर साधी तार.

मी तिच्यात जाऊन उभी राहिले. आगाऊपणा, दुसरं काय. घोट्यापर्यंत गार लागलं, विहिरीत पाय सोडल्यासारखं. वर पाहिलं. सूर्य थेट डोळ्यांत गेला, डोळे दिपले. मी सावलीत उभी होते आणि सूर्य माझ्या डोळ्यांत जात होता. बावीस वर्षं मी सावल्या बनवते. प्रत्येक सावलीला वर काहीतरी असतं. हिला नव्हतं. मी उडी मारूनच बाहेर आले.

तेवढ्यात आतून बहिणीचा आवाज आला. "अगं, आभाळ आलंय का? खोलीत अंधारून आलंय."

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं, मग जमीन पाहिली, आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"आमचे हे याच आवारात खाटेवर पडायचे दुपारचे," त्या म्हणाल्या. "हवालदाराला लस टोचायला नेलं होतं, दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं. मी चहा घेऊन आले तर ती यांच्या अंगावर होती, पायापासून गळ्यापर्यंत पांघरलेली. चटचटतं ऊन बाहेर आणि यांचं अंग बर्फ. डॉक्टरनी हृदय लिहिलं. कुत्र्याला परत आणलं तेव्हा त्यानं एकदा पाहिलं तिच्याकडे आणि ती मागे सरत सरत भिंतीला गेली. तेव्हापासून तो बसलाय."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

हसले असते. खरं सांगते, घरी जाऊन नवऱ्याला सांगून पुन्हा हसले असते.

"बहिणीला घेऊन दुसरीकडे चला."

"तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायला मला अर्धा तास लागतो. आणि ही मागून येणार नाही हे कोण सांगेल?"

मी कात्री काढली आणि पडद्याची दोरी कापत सुटले. पडदा खाली पडायच्या आत हवालदार धडपडत पुढे आला, जाळीला नाक लावलं, मान ताठ केली. बाई गं, त्याच्या पायांत उभं राहण्याइतकी ताकद नव्हती! तरी तो बसला आणि बघू लागला. सावली जिथल्या तिथे थांबली. वीतभर मागे सरली, मग आणखी वीतभर.

तेव्हाच मला सुचलं. आरपार दिसणारं प्लास्टिक! दिसेलही आणि भिजणारही नाही. इतकी साधी गोष्ट मला आधी सुचू नये? वाद घालण्यातच माझी अक्कल खर्च झाली होती. मी दुकानाकडे पळाले. जाड प्लास्टिक कापलं, कडा दुमडल्या, शिलाई मारली, रिंगा ठोकल्या. घाईत दोनदा बोटात सुई गेली. किनारीची शेवटची बाजू शिवत होते तेव्हा पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले.

मी पोहोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. मावशी पिंजऱ्यासमोर चादर धरून उभ्या होत्या, पण चादर आड आली की हवालदार बाजूला सरकायचा आणि पुन्हा तोंड काढून बघायचा. नखशिखांत भिजला होता. आणि समोर आवारभर पाणी वाहत असताना, दाराच्या फळीएवढा एक तुकडा कोरडा ठणठणीत होता.

प्लास्टिक बसवलं. काम उत्तम झालं, एक थेंब आत गेला नाही. त्याचा उपयोग तासभर आधी होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. पिंजऱ्याचं दार उघडं होतं. खोकं बाहेर काढून ठेवलेलं. प्लास्टिकच्या मागे, हवालदाराच्या जागी, मावशी लाकडी स्टुलावर बसल्या होत्या. मान ताठ, नजर समोर. सावली भिंतीपासून तीन हातांवर होती.

"काल पहाटे गेला," त्या मान न वळवता म्हणाल्या. "शेवटपर्यंत डोळे उघडे होते. मीच मिटले, आणि लगेच इथे बसले."

मला रडू फुटलं. "माझ्यामुळे गेला, मावशी. पडद्याऐवजी तेव्हाच प्लास्टिक लावलं असतं तर..."

"रडून घे, पण माझ्यासमोरून बाजूला हो. दिसत नाही मला."

मी बाजूला झाले.

"माणसानं पाहिलं तरी चालतं असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मागे जात नाही कुत्र्याइतकी, पण पुढेही येत नाही. रात्री दिवा लावून बसले. एकदा डोळा लागला तेवढ्यात हातभर आली. छप्पर उंच करून दे, डोक्याला लागतं. बाकी चांगलं आहे गं तुझं काम, ऊन लागत नाही."

आतून बहीण हाक मारत होती. तिला कूस बदलून हवी होती. मावशींचे डोळे लाल झाले होते, पापण्या थरथरत होत्या, आणि त्या उठू शकत नव्हत्या.

"दुसरा कुत्रा मिळेल," मी म्हटलं.

"शोधायला कोण जाईल? आणि बघणारा निघेल की नाही, कोण जाणे." मग हळूच म्हणाल्या, "तिचं सगळं करायला आणि मला झोपायला मिळून दिवसाचे सहा तास लागतात. बाकीचे मी काढीन."

मी टेप खाली ठेवला, चप्पल काढली आणि वाकून पिंजऱ्यात शिरले. खांद्याला धरून त्यांना स्टुलावरून उठवलं आणि त्यांच्या जागी बसले.

"जा, कूस बदला तिची," मी म्हटलं, समोर बघत. "आणि रोजचे कोणते सहा, ते ठरवून सांगा."