माझी न वाचली जाणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. नाही, नाही, लाल दोरी बांधून कपाटात धूळ खाणारी ती नव्हे! मी संगणकाच्या पोटात राहते. जेमतेम डझनभर ओळींचा माझा संसार. पण पनाय बेटावरच्या आमच्या सांता इनेस गावात, वाचनालयातला ब्राउझर उघडला की आधी मला वाचतो आणि मी सांगेन तसाच वागतो. पहिलं पान कुठलं, काय बदलता येईल, काय नाही, हे मी ठरवते. मी घातलेलं कुलूप खुर्चीतल्या माणसाला काढता येत नाही. आहे की नाही ऐट?

माझा जन्म रागातून झाला. आमच्या ग्रंथपाल देल्फिनाच्या रागातून. गाव तिला मानांग देल्फिना म्हणतं, म्हणजे देल्फिनाताई. तशी ती गरीब गाय, पण त्या दिवशी कीबोर्डची काही धडगत नव्हती.

झालं होतं असं. लोला सालुद, म्हणजे सालुद आजी, वाचनालयात येऊन आपल्या लेकीला मेल लिहायची. लेक आर्लिन हाँगकाँगला घरकामाला गेलेली. आजी एका बोटानं अक्षरं शोधत बसायची. ब्राउझर तिला विचारायचा, "पासवर्ड लक्षात ठेवू का?" आणि आजी दर वेळी "हो" दाबायची. आमच्याकडे कुणी अदबीनं काही विचारलं, तर तोंडावर नाही म्हणायची रीत नाही.

"इतकं गोड विचारतोय बिचारा, नाही कसं म्हणू?" आजी म्हणायची.

मग काय, एकदा तिच्यामागून त्याच खुर्चीत पेट्रा बसली. ही वाचनालयाच्या फाटकाशी बिबिंका भाजते. तांदळाच्या पिठाची, खाली निखारे, वर निखारे. हात चुलीवर आणि तोंड गावभर! तिला आजीची पत्रं आयती उघडी सापडली. आर्लिनला मालकिणीनं कामावरून काढलं होतं. आजीनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मासळी बाजारात बाया विचारू लागल्या, "काय गं सालुद, लेक सामान बांधतेय म्हणे?"

आजी घरीच बसली. वाचनालयाची पायरी चढेना. लेकीला पत्र जाईना, लेकीचं उत्तर वाचायला मिळेना.

"चूक आजीची नाही, विचारणाऱ्याची आहे," असं म्हणून देल्फिना मला लिहायला बसली. आमच्या जातीची एक गंमत आहे, मित्रांनो. ब्राउझर आमची पहिली ओळ वाचतच नाही. ती ओलांडून थेट दुसरीपासून सुरुवात करतो. म्हणून तिथे कामाचं काही लिहायचं नसतं. देल्फिनानं तिथे दोन तिरप्या रेघा मारून लिहिलं, "सालुद आजीसाठी. तिला नाही म्हणावं लागू नये म्हणून." मग साठलेला पासवर्ड काढून टाकला आणि दुसऱ्या ओळीत कुलूप घातलं. पासवर्ड लक्षात ठेवू का, असं कुणालाही विचारायचंच नाही!

मग ती आजीच्या घरी गेली. "लोला, चला. आता तो काही विचारणार नाही."

"रुसला का गं माझ्यावर?"

"छे! त्याला जरा शिस्त लावलीय."

आजी परत आली. आर्लिनलाही दुसरं चांगलं घर मिळालं. माझं कौतुक कुणी केलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. कुलूप नीट असलं की काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल कोण हार घालतो? पण आजी पत्र संपवून निश्चिंत मनानं उठायची, तेव्हा मी धन्य व्हायचे.

मग एकदा नगरपालिकेनं संगणकांच्या साफसफाईला जोवानीला पाठवलं. तरतरीत, हसतमुख पोरगा. त्यानं मला उघडलं आणि पहिली ओळ वाचून तो खो खो हसला. "फायलीत प्रेमपत्रं? कमाल आहे बुवा!" ओळ पुसली, मला साठवलं. बाकीची कुलपं तपासली, सगळी जागच्या जागी. "झकास!" म्हणत तो गेला.

मित्रांनो, घात झाला. पहिली ओळ गेली, तशी दुसरी पहिली झाली. आणि पहिली ओळ ब्राउझर वाचत नाही! आजीचं कुलूप तो ओलांडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आली. "पासवर्ड लक्षात ठेवू का?"

"अगंबाई, रुसवा गेला वाटतं!" म्हणत आजीनं "हो" दाबलं.

आणि तेव्हाच्या पत्रांत काय होतं? आर्लिनचं ऑपरेशन ठरलं होतं. तिचा मुलगा आजीपाशी राहून शिकत होता आणि त्याची परीक्षा चालू होती. ही बातमी त्याला बाजारातून नको, आईच्याच तोंडून कळायला हवी होती. परीक्षा संपली की ती त्याला सांगणार होती.

त्याच दुपारी देल्फिना पुस्तकांची पेटी घेऊन शाळेत निघाली. "पेट्रा, जरा लक्ष ठेव गं," म्हणून गेली. पेट्रानं जहाजावरच्या भाच्याची मेल बघायला पान उघडलं. समोर सालुदचं नाव! पासवर्डाच्या जागी ठिपके. एक बटण दाबायचा अवकाश.

पेट्राचं बोट बटणावर गेलं. तिथेच थांबलं. मग तिनं हात मांडीवर घेतला.

तिनं नाव पुसलं. पान पुन्हा उघडलं, नाव हजर. संगणक बंद करून चालू केला, तरी हजर. "आता गं बाई!" म्हणत तिनं पुन्हा बंद केला आणि खुर्चीत ठाण मांडलं.

"पेट्रा, बिबिंका करपतेय!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"करपू दे!"

शाळेतल्या मुली आल्या. "मानांग, उठा ना, आम्हाला धडा शोधायचाय."

"त्या पलीकडच्यावर बसा."

"तिथे पंखा लागत नाही!"

"मग गाळा घाम. अभ्यासाला घाम लागतोच."

"पण बंद संगणकापुढे बसून तुम्ही करताय काय?"

"विश्रांती!"

देल्फिना आली तेव्हा पेट्रा आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजली. "सालुदचं दार उघडं राहिलंय. म्हणून उठले नाही."

देल्फिनानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "वाचलंस?"

"नाही."

मला ठाऊक होतं, ती खरं बोलत होती. पण आम्हा फायलींची साक्ष कोण काढणार? फाटकावरून करपल्याचा वास येत होता. देल्फिनानं तिकडे पाहिलं, पेट्राकडे पाहिलं, आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही.

तिनं साठलेला पासवर्ड काढला, मला उघडलं, पहिली ओळ पुन्हा लिहिली, या वेळी जराशी वाढवून. परीक्षा संपल्यावर आर्लिननं लेकाला स्वतः सांगितलं. ऑपरेशन नीट पार पडलं. आजीनं सगळ्यांना चिकट भाताचे सुमान वाटले. पेट्राला दोन जास्त.

मित्रांनो, दुसऱ्यानं लिहिलेली एखादी ओळ निरुपयोगी वाटली, तर पुसण्याआधी विचारा, ती कुणासाठी आहे. मी आता म्हातारी झाले, नवा संगणक आला की कदाचित जाईनही. पण माझी काही तक्रार नाही. ब्राउझर जी ओळ वाचत नाही आणि पेट्राला जिचा पत्ताच नाही, ती मी रोज सकाळी मनातल्या मनात वाचते: "सालुद आजीसाठी. तिला नाही म्हणावं लागू नये म्हणून. आणि पेट्रासाठी, जी उठली नाही."