पाच दिवसांची नोंद

मी जन्म-मृत्यूची नोंदवही बोलतेय. भीमेकाठच्या एका लहान गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, एवढंच माझ्यात लिहिलंय. शिरूर आणि दौंडच्या मधल्या एका कचेरीत मी राहते. तिचं नाव सांगत नाही, उगाच तिथल्या माणसांची नाचक्की नको.

मला लिहायचे गावचे कोतवाल, गेणबा. जन्म लिहिताना मोठ्यानं बोलत, मरण लिहिताना गप्प असत.

एकसष्ट सालच्या थंडीत दौंडच्या रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार असलेला सिद्दीक त्यांच्यापुढं येऊन बसला. बायको चांदबी बाळंतपणाला गावी, माहेरी आली होती. मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी गेली. त्यांच्यात नाव सातव्या दिवशी ठेवतात.

"नाव न्हाई म्हनून लिवतो," गेणबा म्हणाले.

सिद्दीकनं वहीवर हात ठेवला. मग म्हणाला, "न्हाई आबा. लिवा." आणि त्यानं हळूच एक नाव सांगितलं. जन्माच्या पानावरही आणि मरणाच्या पानावरही गेणबांनी ते लिहिलं. घरी मात्र सिद्दीक त्याबद्दल कित्येक वर्षं बोलला नाही. त्याला बोलताच आलं नसावं.

दहा वर्षांनी कायदा बदलला. नोंदी ग्रामसेवकाकडं गेल्या, नव्या छापील वह्या आल्या. मला लाल कापडात बांधून कचेरीच्या अभिलेखकक्षात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, टाकलं. गाठ मारली ती पस्तीस वर्षं कुणी सोडली नाही. कागदाला गर्दीतही एकटं वाटतं. माझ्या डावी-उजवीकडं शेकडो गठ्ठे होते, पण आम्ही सगळे बांधलेले. बाहेर संगणक आले तेव्हा मोडक्या खुर्च्याही आमच्यावरच येऊन पडल्या. कोपऱ्यानं वाळवी चढत होती.

मग माहितीचा अधिकार आला. कचेरीच्या दारावर माहिती अधिकाऱ्याच्या नावाची पाटी लागली आणि आत धांदल उडाली. त्यातच वरून पत्र आलं, 'जुने अभिलेख मार्चअखेर निकाली काढा.' मुख्य लिपिक पोपटराव निवृत्तीला आलेले, थकलेले. त्यांनी माझा अख्खा गठ्ठा रद्दीच्या ढिगाकडं सरकवला.

त्याच आठवड्यात चांदबी आली. पासष्टीची, हातात काठी. मुलगा बिलाल कारेगावला कंपनीत, त्यानं अर्ज लिहून दिला होता. सिद्दीक गेल्या साली वारला होता. लकव्यानं जीभ जड झालेली, तरी जाता जाता त्यानं तिला कसंबसं सांगितलं होतं की पोरीला नाव दिलंय, कचेरीत लिहिलंय. कोणतं, ते तिला समजलं नाही.

"कशाला पायजे एवढी जुनी नोंद?" पोपटरावांनी विचारलं.

"कारण विचारायचं नाही, भाऊसाहेब. नव्या कायद्यात तसं लिहिलंय," शेजारच्या टेबलावरून गौतमी म्हणाली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली ही मुलगी सहा महिन्यांपूर्वीच नोकरीला लागली होती.

चांदबी गेल्यावर पोपटरावांनी गौतमीपुढं कागद ठेवला. "लिही, सदर अभिलेख आढळून येत नाही. तीस दिवसांत उत्तर गेलं की झालं."

"शोधलंच न्हाई, तर आढळल कसं?" ती बोलून गेली आणि गोरीमोरी झाली.

"अगं, त्या खोलीत माणूस हरवंल."

"आधी वर्गवारी, मग यादी, मग साहेबांची सही. त्याशिवाय रद्दीत काही देता येत न्हाई. आन् जन्म-मृत्यू तर कायम ठेवायचे. उद्या चौकशी झाली तर निवृत्तीच्या तोंडावर तुमच्या मागं लागंल, भाऊसाहेब."

पोपटरावांनी खिशातून त्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

सतरा दिवस गौतमी तोंडाला ओढणी बांधून गठ्ठे सोडत होती. प्रत्येकाला क्रमांक, वर्ष, गाव. तिसऱ्या दिवसापासून पोपटरावही आले, स्टुलावर बसून यादी लिहू लागले. माझी गाठ सुटली नाही, कापावी लागली. इतक्या वर्षांनी माणसाचा हात लागला.

चांदबीला पाहणीला बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं. गौतमीनं पान उलगडलं, तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं.

"मावशी, हितं लिहिलंय. मुलगी, नूरबी. बाप सिद्दीक, आई चांदबी. वय पाच दिवस."

"पुन्यांदा म्हना."

"नूरबी."

"माझ्या आईचं नाव," चांदबी म्हणाली. पदरानं डोळे न पुसता तशीच बसली. पोपटराव उठून खिडकीपाशी गेले.

मला लोखंडी कपाटात जागा मिळाली. सूचीत माझं नाव आलं. गौतमीची पुण्याला बदली झाली, पोपटराव निवृत्त झाले. चांदबी मात्र दर वर्षी लेक गेली त्या थंडीच्या दिवसांत रीतसर अर्ज करून यायची. ओळीवर बोट ठेवून घटकाभर बसायची, जायची. दोन हजार सात साली आली, आठ साली आली. नऊ साली आली नाही.

लेकरं, म्हातारी, साथीत गेलेली, माझ्यात अशी कितीतरी नावं आहेत. तुमचं कुणी असेल तर या. हक्क आहे तुमचा, कारण सांगावं लागत नाही.

कोणती वही कितीदा मागितली, त्याचा तक्ता कचेरीत दर वर्षी भरतात. काहीच नसेल तर सरकारी भाषेत एक शब्द लिहायची रीत आहे. काल नव्या कारकुनानं कपाट न उघडताच तो माझ्या नावापुढं लिहिला: निरंक.